तंबाखू नव्हे, मशेरी

आईने सुकटीच्या चटणीला हात लावला नाही, तिथून हे सगळं सुरू झालं. भाकरी खाल्ली, आमटीभात खाल्ला, चटणी मात्र ताटाच्या कडेला सारून ठेवली. आमच्या आईला तिखटाशिवायचं जेवण म्हणजे आजाऱ्याचं जेवण वाटतं. मी विचारलं तर म्हणाली, "तोंडात जरा जळतंय. उष्णता झाली आसंल."

उष्णता हा आमच्या घरातला सगळ्यात सोयीचा आजार. डोळे लाल झाले, उष्णता. ओठ फुटले, उष्णता. वर सब्जा घालून पाणी प्यायचं, की विषय संपला. पण माझा विषय असा संपत नाही. माझ्या पायाला भिंगरी आहे असं आई सगळ्यांना सांगते, आणि ते खोटं नाही. रिक्षा जरा अडकली की मी उतरून चालू लागते. दूध तापेपर्यंत गॅससमोर उभं राहणं मला जमत नाही, म्हणून आमच्याकडे दूध उतूच जातं. मी मोबाइलची बॅटरी लावली आणि म्हटलं, "आ कर."

"मी काय ल्हान पोर हाय?" असं म्हणत तिने तोंड उघडलं. डाव्या गालाच्या आत, खालच्या दाढेच्या बाजूला पांढरा डाग होता. दुधावरची साय पुसावी तसा मी तो ओल्या बोटाने पुसून पाहिला. गेला नाही. आईने माझा हात झटकला आणि भांडी घासायला घेतली. मी उगाच दारापर्यंत गेले, परत आले, पुन्हा गेले.

कामतघर नावाच्या वस्तीत आमची चाळीतली खोली आहे. आई, भाऊ आणि मी. भाऊ टेम्पो चालवतो, मी हायवेकडच्या एका गोडाऊनमध्ये माल बाहेर सोडायच्या कामाला आहे. आई लग्न होऊन आतल्या गावातून इथे आली आणि गल्लीच्या टोकाच्या कापडाच्या लूममध्ये सुताच्या कांड्या भरायला लागली. सूत दाताने तोडून तोडून तिच्या पुढच्या दाताला बारीक खाच पडली आहे. गुडघ्यांनी साथ सोडली तशी तिने लूम सोडली, पण सूत दिसलं की अजून तिचा हात कात्रीकडे जात नाही, तोंडाकडे जातो.

तिच्या दातांचा तिला फार अभिमान. शेजारची मावशी तिच्याहून लहान, पण तिच्या तोंडाचं बोळकं झालेलं. "माझं बघ, एक दाढ सोडली तर समदे शाबूत," आई म्हणायची. "मशेरीचा गुन हाय."

आमच्याकडे पेस्ट आली ती माझ्या आणि भावाच्या शाळेबरोबर. त्याआधी गावाला करंजाची नाहीतर बाभळीची काडी असायची, चुलीतली राखुंडी असायची, सणावाराला कुणीतरी मुंबईहून लाल दंतमंजन आणायचं. पण बायकांची मशेरी. मशेरीचं पान तव्यावर टाकायचं, काळं पडेपर्यंत भाजायचं, वाटीने चुरायचं आणि डबीत भरायचं. भाजताना असा ठसका उठतो की चाळीतली सगळी माणसं शिव्या देत बाहेर येतात. सकाळी उठल्यावर एकदा, दुपारी जेवणं झाल्यावर एकदा, संध्याकाळी एकदा. आई उंबऱ्यावर बसायची, चिमूटभर मशेरी डाव्या तळहातावर घ्यायची आणि उजव्या हाताचं बोट हिरड्यांवरून फिरवत राहायची. समोरच्या दारात मावशी, तिच्या पलीकडे आणखी कुणी. दात घासायला एवढा वेळ लागतो का, असं मी लहानपणी विचारायचे. उत्तर मिळायचं नाही, कारण तोंडात बोट असायचं.

मी पांढऱ्या डागाचं भावाला सांगितलं. तो म्हणाला, "दाढ टोचत असेल." शक्य होतं. डाव्या बाजूची तीच दाढ अर्धी तुटलेली होती. दोन दिवस आईच्या मागे लागून शेवटी मी तिला टेमघरच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

डॉक्टरीणबाई वयाने माझ्याएवढ्याच. बाहेरगावाहून आलेल्या, मराठी शिकून घेतलेलं, मधूनच हिंदीत जाणाऱ्या. त्यांच्या भिंतीवर एक मोठं चित्र होतं: जुन्या काळी दात कसे काढत त्याचं. एक माणूस खुर्चीत, दोघांनी त्याला धरलेलं, तिसऱ्याच्या हातात सांडशीसारखं काहीतरी. खाली लिहिलं होतं की पूर्वी हे काम न्हावी करत. आईने ते चित्र बघितलं आणि माझा दंड पकडला. मी म्हटलं, "आता सुई देतात." ती म्हणाली, "त्यापरीस न्हावी बरा."

तिला खुर्चीत आडवी करून बाईंनी आरसा आत घातला. मग विचारलं, "आजी, तंबाखू खाता? गुटखा? पान? सुपारी?"

आई खुर्चीतल्या खुर्चीत ताठ झाली. "न्हाय गं बाय. बाईमानसं काय तंबाखू खातात?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "नाही, तसलं काही नाही. आमच्याकडे भाऊसुद्धा खात नाही."

आम्ही दोघी खरं बोलत होतो. हे मला आजही नीट सांगता येत नाही, पण तेव्हा माझ्या मनात मशेरी आलीच नाही. तंबाखू म्हणजे चुना लावून मळतात तो, बाप्ये टपरीवर थुंकत उभे राहतात तो. मशेरी म्हणजे दात घासणं. तंबाखू खाता का या प्रश्नावर जेवढी पेस्ट मनात आली असती, तेवढीच ही आली.

बाईंनी दाढेची धार घासून गुळगुळीत केली. म्हणाल्या, "बहुतेक ही टोचत होती. दोन हफ्ते बघू. गेला नाही तर तुकडा काढून तपासायला पाठवू." आई खुर्चीतून उतरताना नव्या नवरीसारखी लाजत हसली. येताना तिने मला उसाचा रस पाजायला लावला.

ते दोन आठवडे मी कसे काढले ते माझं मला माहीत. रोज सकाळी ड्युटीला निघण्याआधी बॅटरी. रोज संध्याकाळी आल्यावर चप्पल काढायच्या आधी बॅटरी. आई चिडायची. "माझ्या तोंडात काय सोनं पुरलंय?" मला डाग कधी लहान वाटायचा, कधी मोठा. गोडाऊनमध्ये एका ट्रकचा माल मी दुसऱ्या ट्रकला लावला आणि सुपरवायझरने सगळ्यांसमोर मला झापलं. जेवणाच्या सुट्टीत मी मोबाइलवर वाचत बसायचे. डागांबद्दल वाचवेना, म्हणून दातांच्या इतिहासात शिरायचे.

तिथे मला कीड भेटली. दाताला कीड लागते, म्हणजे खरोखरचा वळवळणारा किडा दातात शिरतो, असं हजारो वर्षांपूर्वी दूरदूरच्या देशांत लोक मानत होते म्हणे. मला हसू आलं आणि लगेच आठवण आली. मी तिसरी-चौथीत असताना माझी दाढ ठणकत होती आणि गल्लीत कीड काढणारी बाई आली होती. "दातातले किडे काढतेय" अशी आरोळी देत फिरायची. आईने तिला ओट्यावर बसवलं. तिने रिंगणीच्या काटेरी झुडपाच्या बिया निखाऱ्यावर टाकल्या, नळीने धूर माझ्या गालात सोडला आणि मला पाण्याच्या वाटीत थुंकायला लावलं. वाटीत पांढरे बारीक किडे होते. आईने ती वाटी चाळभर दाखवली. ठणका दोन दिवसांनी परत आला. दाढ शेवटी मोठ्या रस्त्यापलीकडे फूटपाथवर बसणाऱ्या दातवाल्याने काढली. त्याच्या काचेच्या पेटीत माणसांचे दात आणि गुलाबी कवळ्या मांडलेल्या असत. मी हातपाय झाडत होते आणि आईने मला दोन्ही हातांनी धरून ठेवलं होतं. ते किडे नसतात, बिया उकलल्यावर आतून निघालेले बारीक कोंब असतात असं मला पुढे कुणीतरी सांगितलं. आईला मी हे सांगितलं तर म्हणाली, "मंग वाटीत आले कुठनं? मी बघितले ना डोळ्यानं." डोळ्यांनी बघितलेल्या गोष्टीपुढे कुणाचं काय चालतं.

त्याच दिवसांत एक गोष्ट माझ्या लक्षात यायला हवी होती. आई जास्त वेळा उंबऱ्यावर बसायला लागली होती. चहाच्या आधी, चहाच्या नंतर, भाजी चिरून झाल्यावर. मी विचारलं तर म्हणाली, "जळतं तिथं लावली की बधिर होतंय. बरं वाटतं." आणि मी म्हटलं, "मग लाव." असं मी स्वतःच्या तोंडाने म्हटलं.

डबी लवकर संपली. पान आणायचं काम नेहमी माझं, कारण येताना दुकान माझ्या वाटेवर. मी दुकानात गेले, नेहमीसारखं म्हटलं, "मशेरीचं पान द्या." दुकानदार उत्तरेकडचा, गल्ल्यावर बसलेला. त्याने आत बघून सांगितलं, "अरे, मशेरीवाला तंबाखू निकाल दो, पाव किलो."

हे वाक्य तो प्रत्येक वेळी म्हणत असणार. मी कितीदा तिथे उभी राहून ऐकलं असेल. त्या दिवशी मात्र ते मला ऐकू आलं. समोर पुड्यांच्या माळा लटकत होत्या, प्रत्येक पुडीवर सडलेल्या तोंडाचं चित्र. मी पुडकं न घेता वळले. मागून तो "बहनजी, बहनजी" करत राहिला. रिक्षा मिळेपर्यंत थांबवेना, म्हणून मी चालत सुटले, जवळजवळ पळतच.

घरी आल्या आल्या मी आईला म्हटलं, "मशेरी तंबाखू आहे."

"पान तंबाकूचंच आसतंय," ती शांतपणे म्हणाली. "पन भाजली की ती मशेरी. तंबाकू बाप्ये खातात. मी दात घासते."

मी ओरडले, ती ओरडली. भावाने टीव्हीचा आवाज वाढवला. मावशी दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "तिच्याबिगर पोट साफ व्हत न्हाय गं, तुला काय ठावं." मी मावशीलाही सोडलं नाही. राग खरं तर माझा माझ्यावर होता, पण तो कुणावर तरी काढायला हवा होता आणि त्या दोघी समोर होत्या.

दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकली आणि आईला ओढतच टेमघरला नेलं. डाग तसाच होता. मी मशेरीचं सांगितलं तशा बाईंनी आरसा खाली ठेवला. म्हणाल्या, "मी मशेरीचं नावच घेतलं नाही. घ्यायला हवं होतं." मला त्यांच्यावर भडकायचं होतं, पण त्यांचं तोंड एवढंसं झालं होतं. त्यांनी ठाण्याच्या दातांच्या मोठ्या दवाखान्यासाठी चिठ्ठी दिली. लवकर जा, म्हणाल्या. तुकडा काढून तपासायलाच हवा.

घरी आल्यावर आई म्हणाली, "मी जायची न्हाय. सुरी लागली की पसरतंय. लूममधल्या एका बाईचं तसंच झालं." मी समजावलं. डॉक्टरीणबाईंना फोन लावून दिला, तिने घेतला नाही. भाऊ म्हणाला, "आई, जाऊन ये की." तीही मात्रा चालली नाही. असे चार दिवस गेले. रोज सकाळी मी विचारायचे, ती मान हलवायची आणि डबी घेऊन उंबऱ्यावर बसायची. पान आता मावशीकडून येत होतं. माझी झोप गेली, भूक गेली. तिच्या गालाच्या आत काहीतरी सरकत असेल आणि मी गोडाऊनमध्ये खोके मोजतेय, या विचाराने मला एका जागी उभं राहवेना.

पाचव्या दिवशी दुपारी मी घरीच होते. जेवणं झाली. आई बसली, डबी उघडली. माझ्या डोक्यात काय गेलं कुणास ठाऊक. मी तिच्यासमोर बसले, डबीत बोट घातलं आणि चांगली बोटभर मशेरी स्वतःच्या हिरड्यांवर चोळली.

"चांगली असेल तर मलापण होऊ दे," मी म्हटलं, किंवा म्हणायचा प्रयत्न केला. जीभ चरचरली, कानशिलं तापली, उंबरा हलायला लागला.

आईने माझा जबडा धरला. कांड्या भरणारा तिचा हात अजून लोखंडासारखा आहे. "थुक," ती म्हणाली. "थुक आधी. गिळू नको." तिने माझ्या तोंडात बोट घालून सगळं खरवडून काढलं, तांब्याने पाणी ओतलं, परत थुकायला लावलं. मी गटारीशी बसून ओकले. ती माझी पाठ चोळत होती आणि रडत होती. "तुला मी कदी हात लावू दिला व्हता का तिला? तुझ्या वयाच्या समद्या पोरी लावत व्हत्या. तुला दिली का मी?"

मी मान हलवली. नव्हती दिली. आईने तिच्या आईकडून घेतली होती, मावशीने तिच्या सासूकडून. मला मात्र तिने लहानपणापासून पेस्ट आणि ब्रश हातात दिला, आणि डबीकडे गेले की हातावर चापट मारली. मी समजत होते, शाळेत वास येईल म्हणून.

संध्याकाळी पीठ मळता मळता तिने विचारलं, "कदी जायचंय ठान्याला?"

तुकडा काढायला फार वेळ लागला नाही. आई बाहेर आली तेव्हा गालात कापूस होता आणि ती माझ्यावर रागावलेली होती, म्हणजे बरी होती. अहवाल यायला वेळ होता. ते दिवस मी लिहीत नाही. ज्याने असे दिवस काढलेत त्याला सांगायची गरज नाही आणि ज्याने काढले नाहीत त्याला सांगून कळणार नाही. गल्लीतल्या लूम दिवसरात्र खटाखट करत होत्या आणि मला पहिल्यांदाच त्या आवाजाचा आधार वाटला, कारण माझ्याहून जास्त तळमळणारं दुसरं काहीतरी जवळ होतं.

कॅन्सर नव्हता. ठाण्याच्या डॉक्टरांनी आईला समोर बसवून सांगितलं की हा त्याच्या आधीचा टप्पा आहे. मशेरी पूर्ण बंद केली तर डाग मागे हटू शकतो, नाही केली तर पुढचं सांगता येत नाही. दर थोड्या दिवसांनी दाखवायला यायचं. मी तिथेच, त्यांच्या टेबलासमोर, हमसून हमसून रडले. आईने पदराने माझं तोंड पुसलं आणि डॉक्टरांना म्हणाली, "ही आशीच हाय. उतावळी."

घरी येऊन तिने डबी कचऱ्यात टाकली. कुणाला सांगावं लागलं नाही. मावशीने पुडी पुढे केली तेव्हाही घेतली नाही. मला तिचा एवढा अभिमान वाटला की मी गोडाऊनमध्ये पेढे वाटले.

आता माझी भिंगरी तिच्या पायाला लागली. डोकं दुखायचं, पोट साफ व्हायचं नाही, चहा कडू लागायचा. भावाच्या शर्टाचं बटण तुटलं म्हणून ती अर्धा तास त्याला बोलत राहिली. जेवण झालं की उंबऱ्यावर जायची, बसायची, लगेच उठायची. भांडी पुन्हा घासायची. मी म्हणायचे, सवय जाईल, थोडे दिवस. बडीशेप दिली, लवंग दिली. एका रविवारी मी तिला म्हटलं, "बघ, किती चांगलं झालं. डाग पुसट झालाय."

"झालं चांगलं," ती म्हणाली. "तू केलंस ते बराबर केलंस. समदे म्हनतात." मग ती बराच वेळ माझ्याकडे न बघता बोलली, तिच्या मानाने फारच सावकाश. "पन एक सांगते. मी बारा-तेरा वर्साची आसल्यापासनं काम करते. शेतावर केलं, सासरी केलं, लूमला केलं. कुनी मला कदी बस म्हनलं न्हाय. मशेरी लावताना बसायचे तेवडंच. तोंडात बोट आसलं की बाईला कुनी काम सांगत न्हाय. हाक मारली तरी वो द्यायला येत न्हाय ना. सासूपन थांबायची. मुकादमपन थांबायचा."

तिला मिठी मारावी असं वाटलं, पण आमच्यात ती पद्धत नाही. "आता बसत जा की तशीच," मी म्हटलं. "तुला कोण उठवतंय?" ती हसली.

दुसऱ्या दिवशी दुपारी माझी शिफ्ट होती. जेवण झालं होतं, आई उंबऱ्यावर जाऊन बसली होती. पाय पसरलेले, हात मांडीवर, तोंड मिटलेलं, समोरच्या गल्लीकडे बघत. मला उशीर होत होता. पर्स उलटीपालटी केली, गादी उचलून पाहिली, आणि आतूनच ओरडले, "आई, माझं गोडाऊनचं कार्ड कुठं ठेवलंयस?"

"आले," ती म्हणाली, आणि गुडघ्यावर हात ठेवून उठली.